डावीकडे झिजणारा टायर

भाऊजी,

तुम्हाला समोर बसवून चार गोष्टी सांगाव्यात, तर तुम्ही बसत नाही. दारात उभे राहता, एक हात चौकटीला, आणि तुमचं पहिलं वाक्य 'निघतो वहिनी' हेच असतं. निघायचंच असतं तर माणूस येतो कशाला, हे मी या घरात लग्न होऊन आल्यापासून विचारते आहे. हल्ली हातात हेल्मेट नसतं, तरी कोपर तसंच वाकलेलं असतं, हेल्मेट अडकवल्यासारखं. ते बघवत नाही, म्हणून लिहिते. बसथांब्यावर उभे असाल तेव्हा वाचा.

यातलं बरंचसं तुम्हाला ठाऊकच आहे. पण ते तुम्ही सलग कधी ऐकून घेतलेलं नाही.

तुमचे दादा खुर्चीत बसले की खुर्चीचाच भाग होतात. पेपर वाचून संपला तरी जाहिराती वाचतात. आणि त्याच आईच्या पोटचे तुम्ही. सासूबाई सांगायच्या, हा जेवायचासुद्धा फिरत फिरत, ताट एका खोलीत आणि हा दुसरीत. शाळेत मास्तरांनी तुम्हाला बाकावर उभं केलं ती शिक्षा तुम्हाला बक्षीस वाटली. अशा माणसाने शिलाई मशीन दुरुस्त करायचा धंदा निवडला हे बरंच झालं. गिऱ्हाईक घरोघरी, त्यामुळे दिवसभर पायाला भिंगरी. अख्ख्या गावात तुम्ही 'मशीनकाका'. मशीनच्या पोटात डोकं घातलंत की तेवढा वेळ स्थिर, झाकण लावलं की उठलात.

आणि मोटरसायकल. तीच एक खुर्ची तुम्हाला मानवली, कारण ती चालायची.

तुमच्या बायकोचं, माझ्या धाकट्या जावेचं, त्या मोटरसायकलवर बसणं मी कितीतरी वर्षं आमच्या गॅलरीतून पाहिलं. काम मोठं असलं की तुम्ही मशीनचा वरचा लोखंडी भाग, तुमच्या भाषेत डोकं, टेबलावरून काढून आमच्या गल्लीतून घरी न्यायचात. ते धरायला धाकटी. ती दोन्ही पाय डावीकडे सोडून बसायची आणि जुन्या चादरीत बांधलेलं ते धूड मांडीवर घ्यायची. दोन्ही हात त्याच्याभोवती. तुम्हाला धरायला तिला हातच उरायचा नाही.

"अगं, पडशील एखाद दिवशी," मी वरून ओरडायचे.

"मी पडले तर पडले, जाऊबाई. मशीन पडलं तर हे मला घरात घ्यायचे नाहीत."

"घेईन की," तुम्ही म्हणायचात. "मशीन उचलून झालं की घेईन."

मग ती गेली. आजारपण तिने थोडक्यात आटोपलं. तुमच्याबरोबर राहून तिलाही घाईची सवय लागली असावी. त्यानंतर तुम्ही मोठी कामं घेणं सोडलंत. जे जागेवर दुरुस्त होईल तेच करायचं, हत्यारांची पिशवी पाठीला. मागची सीट रिकामी.

आणि मागचा टायर डावीकडे झिजायला लागला.

आधी तुम्ही ते मनावर घेतलं नाहीत. पण नवा घातलेला टायरही तसाच झाला. मधली नक्षी चांगली, उजवी बाजू कोरी, डावी बाजू मात्र साफ गोटा. तुम्ही तो मला दाखवायला तिसऱ्या मजल्यावर उचलून आणलात. मी कणीक मळत होते.

"वहिनी, बोट फिरवा इथून."

"माझे हात भरलेत. आणि मला टायरमधलं काय कळतं?"

"कळायला काय पाहिजे, आंधळ्यालासुद्धा कळेल."

टायर खरंच तिरका झिजला होता. मी म्हटलं, टायरवाल्याकडे जा, माझ्या स्वयंपाकघरात काळे डाग पाडू नका.

टायरवाला बोलका माणूस. दर खेपेला नवं कारण. पहिल्यांदा म्हणाला, काका, हवा कमी ठेवता. तुम्ही रोज सकाळी हवा मोजायला लागलात. काही फरक नाही. मग म्हणाला, चेन ताणताना एका बाजूचा नट जास्त फिरलाय, चाक तिरकं बसलंय. तेव्हा तुम्ही तुमच्याकडचं जाड दोऱ्याचं रीळ काढलंत, मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत दोन्ही बाजूंनी दोरा ताणून पाहिलात. चाकं एका रेषेत. मग बेअरिंग बदललं. मग मागचं चाक धरणारा चिमटा वाकलाय का ते बघायला अर्धी गाडी खोलली. मग तो म्हणाला, रस्ता कडेला उतरता असतो, पाणी वाहून जायला, आणि तुम्ही कायम कडेने चालवता. झालं. तुम्ही रस्त्याच्या मधोमध चालवायला लागलात. मागून बस हॉर्न देतेय आणि तुमचा आपला प्रयोग चाललाय.

"पिशवीमुळे असेल," तुमचे दादा पेपरातून म्हणाले. त्या महिन्यातलं त्यांचं ते सगळ्यात लांब वाक्य असावं. तुम्ही पिशवी पाठीवरून काढून टाकीवर बांधलीत. तरी टायर डावीकडेच.

मला आधी हसू यायचं. मग वैताग यायला लागला. मग लक्षात आलं, तुम्हाला रात्री झोप नाही. दिवसाही दोन घरं करायचात आणि तिसरं सोडून टायर बघायला खाली बसायचात. जीव अडकल्यासारखा.

तुमची लेक आली आणि प्रकरण पेटलं. ती परगावी नोकरीला, दोन-तीन महिन्यांनी येते, आल्या आल्या आधी गोळ्यांचा डबा बघते. त्या वेळी तिने टायर बघितला.

"बाबा, हे गाडीचं नाही. तुमचं आहे. तुमचा तोल गेलाय."

"माझा तोल? मी अजून एका पायावर उभा राहून मोजे घालतो."

"काकू, तुम्ही सांगा यांना. या वयात डावी बाजू अशी गोटा झालेल्या टायरवर हिंडतात. ओल्या रस्त्यावर घसरले तर उचलायला कोण आहे इथे?"

मी कुणाचीच बाजू घेतली नाही. मला दोघंही बरोबर वाटत होते आणि दोघांचाही राग येत होता. शेवटी ठरलं ते असं : पुढच्या खेपेला ती टायर बघणार. सारखा झिजला असेल तर गाडी राहील. तिरका असेल तर किल्ली तिच्याकडे, तुम्ही मुकाट्याने द्यायची. तुम्ही हो म्हणालात. तुमच्या तोंडाकडे बघून मला कळलं की तुम्ही लबाडी करणार.

तसंच झालं. आठवड्याभरात तुम्ही कोरा टायर आणून माझ्या गॅलरीत कपड्यांच्या दांडीखाली उभा केलात.

"हा कशाला इथे?"

"घरी नको. शेजारी तिला फोन करतात. ती यायच्या आदल्या दिवशी बसवून घेईन. कोऱ्या टायरला झीज कुठली?"

"लाज नाही वाटत पोरीला फसवायला?"

"वाटते ना. म्हणून तर तुमच्याकडे ठेवला." आणि निघालात.

मी गॅलरीतच उभी होते. तुम्ही खाली गाडी चालू केलीत, गल्लीच्या तोंडाकडे निघालात, आणि मी तुमची पाठ बघत राहिले. उजवा खांदा खाली. कंबर सीटच्या उजव्या कडेला. तुमच्या खाली गाडी किंचित डावीकडे कललेली. हे चित्र मी कुठेतरी पाहिलं होतं. कुठेतरी काय, इथूनच, याच गॅलरीतून, कितीतरी वर्षं. फक्त त्यात धाकटी नव्हती.

ती डावीकडे पाय सोडून बसायची, मांडीवर लोखंड. सगळं वजन डावीकडे ओढायचं. गाडी सरळ राहावी म्हणून तुम्ही उजवीकडे झुकायचात. तेव्हा टायर मधोमध झिजायचा. ती गेली, लोखंड गेलं, तुम्ही मात्र झुकलेलेच राहिलात. तुम्ही उजवीकडे, म्हणून तोल साधायला गाडी डावीकडे. हवेचा दोष नाही, चेनचा नाही, रस्त्याचा नाही, वयाचा तर नाहीच.

मला पोटात ठेवता येत नाही हे तुम्हाला माहीत आहे. दुसऱ्या दिवशी तुम्ही दारात उभे राहिलात तशी मी सांगून टाकलं. आडवळणाने नाही. तुम्ही तिच्यासाठी वाकून बसता, भाऊजी, आणि ती आता मागे नाही.

तेव्हा तुम्ही बसलात. आमच्या घरात, चप्पल काढायच्या स्टुलावर. दादांनी पेपर खाली केला. मी पाणी आणून दिलं, ते तुम्ही प्यायलात, आणि पेला हातात फिरवत राहिलात.

"मला कळलं कसं नाही?"

"स्वतःची पाठ कुणाला दिसते?"

"मग आता सरळ बसायचं."

"सरळ बसायचं. एवढंच. नवा टायर बसवा, सरळ बसा, सारखा झिजेल. पोरीला फसवायलाही नको."

सोपं होतं. निदान मला तसं वाटलं. आपण लगेच बेतही केला : रविवारी सकाळी तुम्ही यायचं, मी मागे बसायचं, टायर मांडीवर धरायचा, आणि टायरवाल्याकडे जायचं. "डावीकडे पाय सोडून बसा हं," तुम्ही म्हणालात, "नाहीतर माझी सवय बिघडेल." बऱ्याच दिवसांनी चेष्टा केलीत. मी म्हटलं, माझं वजन धाकटीच्या दुप्पट आहे, गाडीच आडवी होईल.

रविवारपर्यंत तुम्ही सरळ बसायचा सराव केलात. मी गॅलरीतून बघत होते. गल्लीत शिरताना ताठ, जसा परीक्षेला बसलेला मुलगा. वळणापर्यंत पोचेतो उजवा खांदा खाली. पुन्हा ताठ. पुन्हा खाली. शुक्रवारी वर आलात, तर तोंड उतरलेलं.

"जमत नाही?"

"जमतं. जमतं तेव्हाच त्रास होतो." चौकटीवर बोटं वाजवत होतात. "सरळ बसलो ना वहिनी, की मागच्या सीटवरून कुणाला तरी वाटेत उतरवून आल्यासारखं वाटतं. दोनदा थांबून मागे बघितलं."

  मी म्हटलं, "पोरीला खरं कारण सांगा. ऐकलं की ती गाडीला हात लावणार नाही."

"म्हणूनच नाही सांगायचं. ती रडेल, आणि रडून गाडी राहू देईल. तशी नको मला. तुम्हीही सांगायचं नाही."

"आणि ओल्या रस्त्यावर घसरलात तर?"

"तेच म्हणतो. ती बोलते ते खोटं नाही. टायर गोटाच होणार."

तुमची लेक शनिवारीच आली, या खेपेला लवकर आणि न कळवता. ती टायर बघायला वाकायच्या आत तुम्ही तिच्या हातात किल्ली ठेवलीत. तिने तुमच्याशी भांडायची तयारी वाटेत केली होती, ती सगळी वाया गेली. "बाबा, असं कसं? वाद तरी घाला," असं ती मला नंतर म्हणाली. तिला अजून वाटतं तुम्ही थकलात. तरी खरं कारण मी तिला सांगितलं नाही. माझ्यासारखीला ते किती जड गेलं असेल याचा जरा विचार करा.

यातलं काही मला कळायच्या आधीच, रविवारी सकाळी मी पायात बूट घालून गेटपाशी उभी होते. तुम्ही कोपऱ्यावरून चालत येताना दिसलात.

आता गाडी तुमच्या जिन्याखाली, किल्ली परगावी, टायर माझ्या गॅलरीत. तुम्ही बसने हिंडता, आणि कंडक्टरने जागा दाखवली तरी उभेच राहता म्हणे. गिऱ्हाइकं कमी केलीत तीही लांबची, बसने जायची; जिथे सगळ्यात जास्त चालावं लागतं ती तशीच ठेवलीत. मी ओळखून आहे.

टायर दुकानात परत करायचा, असं तुम्ही दर खेपेला म्हणता. नेतो वहिनी, पुढच्या आठवड्यात नेतो. धुतलेल्या कपड्यांचं पाणी त्यात साचतं, ते मी ओतून टाकते. नव्या टायरवर रबराचे बारीक केस असतात, पहिल्याच दिवशी रस्त्याला घासून जातात ते. याचे सगळे आहेत. दोन्ही बाजूंना.

मी तयार आहे, एवढंच सांगायचं होतं. किल्ली मागवायची असेल तर पोरीशी मी बोलते, कारण न सांगता. टायर मांडीवर धरीन, पाय डावीकडे सोडीन, आणि गल्लीच्या तोंडापर्यंत तरी तोंड बंद ठेवीन. टायरवाल्याकडे जायचं आपलं राहिलंय.

— वहिनी