घंटा बांधलेला डबा

आमच्या आठवडी बाजारात तो दर खेपेला दिसतो. खांद्यावर घोंगडं, हातात पत्र्याचा डबा आणि डब्याला बकरीच्या गळ्यातली घंटा बांधलेली. इथल्या दवाखान्यात कॅन्सरची तपासणी लवकर व्हावी म्हणून मशीन घ्यायचं आहे, त्यासाठी तो वर्गणी मागतो. कुणी नोट टाकली की चुकलेली बकरी परत आल्यासारखा खूश होऊन घंटा वाजवतो.

शेजारी पोत्यावर त्याची बायको बसलेली असते. "अवं, हळू वाजवा की. कान किटलं माजं," असं ती दर वेळी त्याच्यावर खेकसते.

मला तो माणूस आवडत नाही. एकदा वांगी घेता घेता मी त्याला विचारलं, "वहिनी नेहमीच अशा बोलतात का तुम्हाला?"

तो हसला. "बोलू द्या. हिची गाठ येळंला कळली, म्हून तर बोलतीया."

माझ्या बायकोचा रिपोर्ट पुण्याहून येईपर्यंत उशीर झाला होता. आता माझ्या घरात वांगी करपली तरी बोलणारं कुणी उरलं नाही. त्याला बोलणी खाताना पाहिलं की माझा जळफळाट होतो, आणि तरी मी दर बाजाराला त्याच्या समोरूनच जातो.

परवा मी डब्यात नोट टाकली. घंटा वाजली. ती त्याच्यावर खेकसली आणि मग माझ्याकडे वळून म्हणाली, "दादा, मशीन आलं की तुमच्या मंडळींना बी तपासायला आना. बाया दुखनं अंगावर काढत्यात."

मी म्हणालो, "आणतो."