काचेपलीकडचा दिवा

आमच्या घरात दिवा लागत नसे. गरिबी होतीच, पण कारण वेगळं होतं. आम्ही सोनईचे पिंजारी. खोली एकच आणि तिच्यात लोकांच्या गाद्यांचा कापूस. श्वास घेतला तरी तंतू नाकात जायचे. माझ्या जन्माआधी रॉकेलच्या एका चिमणीच्या ठिणगीनं चुलत्याचं घर जळालं, तेव्हापासून अब्बांनी घरात ज्योत आणायला बंदी केली होती. चूल परसात, छपराखाली. जेवण दिवस मावळायच्या आत. मग अंधार.

मी मॅट्रिकच्या वर्गात होतो. शाळा सुटली की उजेड असेपर्यंत अब्बांबरोबर कापूस पिंजायचा; पुस्तकासाठी उजेड उरायचाच नाही. सहामाहीत गणितात नापास झालो. अब्बा रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. "ऱ्हाऊ दे ती परीक्षा," म्हणाले. "पिंजण हाय की आपली." मला मात्र मॅट्रिक व्हायचंच होतं.

दर जुमेरातीला, म्हणजे गुरुवारी, अब्बा आम्हाला घेऊन गावाबाहेरच्या दर्ग्यात जात. तिथले म्हातारे बाबाजान त्यांचे मुर्शद, म्हणजे गुरू. अम्मा बायकांत, पडद्याआड बसे. त्या संध्याकाळी बाबाजान नूर समजावत होते. अल्लाचा उजेड कसा, तर भिंतीत कोनाडा, कोनाड्यात दिवा, दिवा काचेत. कोनाडा म्हणजे माणसाची छाती. काच म्हणजे दिल. काच साफ असेल तर नूर बाहेर पडतो.

परतताना अब्बा भारावून चालले होते. अम्मा म्हणाली, "ऐकलं का, कोनाडा आरपार काढला तर?"

"कसला कोनाडा?"

"आपल्या भिंतीत. दिवा परसाकडनं ठिवायचा, आतनं काच बसवायची. ज्योत भाईर, उजेड आत."

"अगं, ते दिलाचं सांगत हुते!"

"दिल हाय माझ्यापाशी. काच न्हाई."

मला हसू आलं. अब्बांना नाही. "पाक गोष्टीचं गवंडीकाम करतीस व्हय?" म्हणाले आणि पुढं निघून गेले.

दुसऱ्या दिवशी ते गाद्या भरायला बेलापूरला गेले. अम्मानं पहार घेतली. पांढऱ्या मातीची भिंत, दुपारपर्यंत आरपार भोक पडलं. काच विकत आणायची ऐपत नव्हती. तिनं पेटीतून लग्नातला आरसा काढला, पालथा घातला आणि राख न् काथ्यानं त्याची पाठ घासत बसली. आधी लाल लेप निघाला, मग पारा. उरली कोरी काच. ती तिनं आतल्या बाजूनं चिखलानं घट्ट बसवली.

अब्बा परतले ते कपाळाला हात लावून उभेच राहिले. "बाबाजानला आनतो. ते बेअदबी म्हनले तर आजच लिंपून टाकीन."

"आना की," अम्मा म्हणाली. माझं मॅट्रिक त्या म्हाताऱ्याच्या एका शब्दावर होतं.

बाबाजान तिन्हीसांजेला आले, अब्बांचा दंड धरून. अम्मानं परसातून दिवा ठेवला. खोलीत उजेड पडला, हवेतला तंतू न् तंतू दिसायला लागला. मी जन्मात पहिल्यांदा आमचं घर संध्याकाळी पाहिलं.

बाबाजाननी काचेवर बोट फिरवलं. "ही कुठली?"

अम्मा दाराआडून म्हणाली, "लग्नातला आरसा हुता. पारा काढला."

"मग तोंड कशात बघनार, बेटी?"

"माझं काय बघायचं आता? पोराचं दिसतंय की."

म्हातारा अब्बांकडे वळला. "अरे, मी जन्मभर दिलाचा आरसा पुसा, पुसा म्हनत आलो. हिनं आरसाच ठिवला न्हाई." जाताना उंबऱ्याशी थांबून म्हणाला, "लिंपू नको. काजळी तेवढी रोज पुसत जा."

ते काम अब्बांनी कुणाला दिलं नाही. रोज संध्याकाळी मुठीत पिंजलेल्या कापसाचा बोळा घेऊन ते काच पुसायचे, आणि मी वाचायला बसलो की पिंजणीला हात लावायचे नाहीत. तिच्या आवाजानं माझं चित्त मोडेल म्हणून.

पुढं पुण्यात कॉलेजला असताना नूरावरची जाड पुस्तकं वाचली. चांगली होती. मला त्यांतलं बरंचसं आधीच ठाऊक होतं.

मॅट्रिक मी पहिल्या झटक्यात पास झालो, गणितासकट. स्वातंत्र्यानंतर दोन वर्षांनी बी. ए. झालो. आमच्या घराण्यात त्याआधी कुणी शाळाही पुरी केली नव्हती.