उज्जैन टाइमवाले काका

आमच्या काकांचं घड्याळ साऱ्या हिंदुस्थानच्या मागे होतं, आणि काकांचं म्हणणं असं की हिंदुस्थानच उगाच पुढे पळतोय. मागे म्हणजे थोडंथोडकं नाही, चांगलं अर्धा तास. दर रविवारी काका सायकल मारत उज्जैनच्या जुन्या वेधशाळेत जायचे, तिथल्या दगडी यंत्रावर पडलेल्या सावलीशी आपलं खिशातलं घड्याळ लावायचे, आणि घरी आले की भिंतीवरचं घड्याळ खिशातल्याशी. मगच चहा. सावलीच्या वेळेत किती मिनिटं मिळवली की सरकारी टाइम निघतो, ते सांगणारा एक फळा यंत्राजवळ लावलेला होता. काका त्या फळ्याकडे पाठ करून उभे राहायचे.

"सरकारं बदलली. सूर्य बदलला का?" हे त्यांचं ठरलेलं उत्तर. बिचाऱ्यांनी सरकारं पाहिलीही पुष्कळ होती. आमचं घराणं पिढ्यान् पिढ्या दरबारच्या चाकरीतलं. काका ग्वाल्हेर दरबारच्या इथल्या दफ्तरात लागले, बसल्या खुर्चीवर मध्य भारताचे नोकर झाले, आणि त्याच खुर्चीवरून मध्य प्रदेशाचे होऊन रिटायर झाले. राजधानी भोपाळला गेली तेव्हा आमच्या माधव नगरात नुसता हलकल्लोळ. काका शांत. म्हणाले, "जाऊ दे की. दुपार तर इथेच होते ना?"

गल्लीत त्यांचं नाव 'टैमवाले काका'. कोपऱ्यावरचा पानवाला मुद्दाम हाक मारायचा, काकाजी, टैम क्या हुआ? काका थांबून गंभीरपणे विचारायचे, "किसका?" पानवाल्याला हसू आवरायचं नाही आणि काकांना त्यात हसण्यासारखं काय आहे ते कळायचं नाही.

माझे आईवडील मी लहान असतानाच गेले. काका-काकूंना मूलबाळ नव्हतं, त्यांनीच मला वाढवलं. काकू आणि मी मनातल्या मनात अर्धा तास मिळवूनच जगत होतो. घरचे नऊ म्हणजे बाहेरचे साडेनऊ, हे मला पाढ्यांच्याही आधी यायला लागलं. पावसाळ्यात मात्र पंचाईत. ढग आले की सावली नाही, सावली नाही की काका अंदाजाने चालणार, आणि मग घरात खरे किती वाजलेत हे प्रत्यक्ष महाकाळालाही सांगता आलं नसतं. काकू म्हणायची, भूक लागली की जेवा, बाकी मला विचारू नका.

ते दिवस धरणांचे, पुलांचे, नव्या कारखान्यांचे. ज्याला त्याला इंजिनियर व्हायचं होतं, मलाही. फक्त माझ्या मार्कांना तसं काही वाटत नव्हतं. इंटरचं पहिलं वर्ष मी कसंबसं ढकललं होतं. आता सगळी भिस्त शेवटच्या परीक्षेवर, त्यातही गणितावर. काकूला काळजी, की गडबडीत पोरगा अर्धा तास मिळवायला विसरला तर? म्हणून गणिताच्या आदल्या संध्याकाळी तिने स्टुलावर चढून भिंतीवरचं घड्याळ गुपचूप पुढे केलं आणि मला बजावलं, उद्या काही मिळवू नकोस, दिसेल तेच खरं.

सकाळी काकांनी नेहमीप्रमाणे किल्ली द्यायला घड्याळ उघडलं. खिशातल्याशी ताडून पाहिलं, भिंतीवरचं पळत होतं. त्यांनी ते मुकाट्याने मागे केलं. आणि मी? मी दिसेल तेच खरं मानून निवांत पोहे खाल्ले, वर दही खाल्लं, काकूच्या पाया पडलो आणि सायकलवर शीळ घालत निघालो. कॉलेजात पोचलो तर पेपर केव्हाच सुरू झालेला. घाईत पहिलंच उदाहरण चुकलं, आणि तिथून पुढे सगळाच आनंदीआनंद. पास झालो, पण गणितात असा काठावर, की इंजिनियरिंगचं नाव काढायची सोय उरली नाही.

काकू आणि मी ठरवलं, काकांना यातलं काही कळू द्यायचं नाही. त्यांनी जन्मभर जपलेली एकच गोष्ट, तिच्यावर हे खापर कसं फोडायचं? ताप होता, असं सांगितलं. काका "बरं" म्हणाले.

मी उज्जैनलाच बी.एस्सी.ला दाखल झालो आणि ईर्ष्येने अभ्यास केला. वर्षाअखेरीस मार्क चांगले पडले. इंदूरच्या इंजिनियरिंग कॉलेजात एखादी जागा आहे असं कळलं. कॉलेज बदलून घेता येईल, पण प्रिन्सिपलसाहेब आधी समोर बसवून विचारणार. ही शेवटची संधी, नाहीतर कुठेतरी कारकुनी. काका म्हणाले, मी येतो. देवास गेटच्या स्टँडवर आम्ही इंदूरच्या बसमध्ये बसलो.

प्रिन्सिपलसाहेबांनी माझे मार्क पाहिले आणि इंटरच्या गणितावर बोट ठेवलं. हे काय? मी म्हणालो, तबीयत ठीक नहीं थी. त्यांनी कागद मिटायला घेतले. असली कारणं ते रोज ऐकत असणार.

तेवढ्यात बाहेरच्या बाकावर बसलेले काका, परवानगी न मागता, सरळ आत आले.

"साहब, ये नंबर लड़के के नहीं हैं," ते म्हणाले. "मेरे हैं."

मग उभ्याउभ्याच त्यांनी सगळं सांगितलं. वेधशाळा, सावली, सकाळी मागे केलेलं घड्याळ. माझी नजर जमिनीवर. ज्या वेळेसाठी हा माणूस जगाशी भांडला, तिचीच तक्रार तो आज परक्या माणसापुढे करत होता.

साहेबांनी कागद पुन्हा उघडले. मग मला म्हणाले, दोन वेळांत हा फरक का पडतो, समजावून सांग. मी कागद ओढला. पृथ्वी, रेखांश, सूर्य, सगळं काढून दाखवलं. त्यांनी आणखी दोन उदाहरणं घातली, तीही सोडवली. साहेब काकांकडे बघून हसले आणि म्हणाले, पुढच्या सोमवारपासून येऊ दे याला.

होस्टेलची, फीची सोय बघायला मी इंदूरलाच राहणार होतो; स्टँडवर काकांची परतीची बस लागलेली होती. मी विचारलं, "काका, तुम्हाला माहीत होतं?"

"घड्याळ मीच मागे केलं होतं ना रे. तू उशिरा पोचलास, हे त्याच दुपारी कळलं." मग म्हणाले, "तुम्ही दोघं वर्षभर काही बोलला नाहीत. मग माझीही हिंमत झाली नाही."

कंडक्टर ओरडायला लागला. काका चढले, खिडकीशी बसले आणि मला जवळ बोलावलं.

"आता अर्धा तास मिळवत बसू नकोस. इथे जे वाजतील, तेच खरे."

तीन सरकारांना ज्याने दाद दिली नाही, तो माझा काका माझ्यासाठी एवढं बोलला. मला रडू आवरेना. पाया पडायचं म्हणून बसच्या दाराकडे धावलो, तर बस हललीसुद्धा होती.