सायलीचे चार कर्नल आणि माझा जळफळाट

मित्रांनो, आज ऑफिसात मी जे केलं ते कुणालाच कळलं नाही, म्हणून इथे लिहितोय.

अंबरनाथला आनंदनगर एमआयडीसीत एका कारखान्याचे सर्व्हर मी सांभाळतो. बीएसडी नावाच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालणाऱ्या एकाच मशीनवर दोन व्हर्च्युअल कर्नल, म्हणजे एकाच्या पोटात दोन वेगळ्या सिस्टिम, चालवायला दोन आठवडे धडपडत होतो. दुसरा सुरू केला की अडकायचा.

आज माझ्या ज्युनिअरने, वांगणीच्या सायलीने, चार चालवून दाखवले!

"दादा, तुम्ही दोघांना एकच डिस्क फाइल देत होता. मी प्रत्येकाला वेगळी दिली," ती सहज म्हणाली.

साहेब खूश. मी आतून पेटलो.

त्यांच्यासमोर तिची फजिती व्हावी म्हणून मी मुद्दाम एक कर्नल बंद पाडला. वाटलं, बाकीचेही कोसळतील. तिन्ही आरामात चालू राहिले.

सायलीचा चेहरा खुलला. "बघा सर, एक पडला तरी बाकीच्यांना धक्का नाही. दादांनी बरोबर तेच दाखवलं. थँक्यू दादा!"

साहेबांनी माझी पाठ थोपटली. मला तिच्याकडे बघवेना.

उद्या तिला खरं सांगू का? तुम्ही सांगितलं असतं?