बडीबाईची पडणारी भिंत

६ मे १९७४. सकाळपासून ट्रॉलीच्या भिंतीची माती खुरप्याने खरवडते आहे. ही दोन चाकांची ट्रॉली म्हणजे आम्हा दौऱ्यावरच्या नर्सांचे घर आणि घाटावरच्या बायांचे बाळंतपणाचे ठिकाण. जिल्ह्याहून पत्र आले आहे, सोबत राखाडी रंगाचे दोन डबे. उद्या दुपारी साहेब पाहणीला येतील, तेव्हा ट्रॉली सरकारी रंगात, अंगावर खात्याचे नाव घेऊन उभी हवी. नसली तर भंगारात जाईल. गाडीवान मंगलू काल घाटावरच्या टोल्यातून, म्हणजे वरच्या वस्तीतून, उतरला. तिथल्या फुलवतीच्या सुनेचे दिवस भरले आहेत, पहिली खेप, पायांवर सूज. "पूछ रही थी बाई, मिट्टी वाला घर कब आएगा," तो म्हणाला. मी म्हटले, "येईल." तो उघड्या पत्र्याकडे बघत राहिला आणि बैलांकडे गेला.

माती सहज सुटते. एका कोपऱ्यात मात्र खुरपे अडले. लोखंडी पट्टीवर तळहाताएवढे सिमेंट चिकटून बसले आहे आणि त्याच्या कडेने हातोडीचे घाव आहेत. सिमेंट माझे. घाव बडीबाईचे, माझ्या वरच्या नर्सचे.

बडीबाईने आयुष्यात एकही सरकारी हुकूम मोडला नाही आणि एकही हुकूम साहेबाला हवा होता तसा पाळला नाही. पत्र आले की ती चष्मा लावून दोनदा वाचायची, घडी करायची आणि म्हणायची, "यात काय लिवलं नाई, ते पाय." जे लिहिलेले नसे त्यात ती तिची सगळी कामे करून घेई.

माहेरची भंडाऱ्याकडची, वाढली बालाघाटात. छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली ती पांढऱ्या लुगड्यातच, आणि नोकरीतही पांढरेच, त्यामुळे तिचा गणवेश कुठे संपतो हे कुणाला कळत नसे. आवाज असा की वैनगंगेच्या या काठावरून त्या काठाला सूचना द्यावी. दौऱ्यावर गेली की गावचा पाटील आधी विचारायचा, "कोणाच्या घरची?" ती सांगायची, "दवाखान्याच्या." मग रात्रीपुरती खाट गोठ्यात पडायची. एकदा तिने ती खाट उचलून पाटलाच्या ओसरीवर नेऊन ठेवली. "मी बाळंतपण कराले आलो, ढोरं राखाले नाई," म्हणाली आणि झाडाखाली झोपली. परतल्यावर दवाखान्यामागे गेली. तिथे मलेरियाच्या फवारणीची पिंपे वाहून निकामी झालेली ट्रॉली मोहाच्या झाडाखाली पडून होती, आत कोंबड्या अंडी घालत होत्या. तिने कोंबड्या हाकलल्या. "आता माहं छप्पर माह्या संगं."

मी तेव्हा नुकतीच लागले होते. मी रामपायलीच्या शेतकरी घरातली. पहिल्या दौऱ्याला माझे पाणी मी घरून तांब्यात नेले. काहून, ते तिला सांगावे लागले नाही. तिने तांब्याकडे पाहिले, बस्स. घाट चढताना तो सांडला. दुपार झाली, माझी जीभ टाळूला चिकटली. तिने माठाचे झाकण काढले आणि म्हणाली, "छोटी, या माठातलं पी, नाईतर तहानेनं मर. दोन्ही कामावर असताना झालं असंच लिवता येते." मी प्यायले. त्यानंतर या विषयावर आम्ही दोघी कधी बोललो नाही. बोलायला हवे होते, माझ्या बाजूने तरी.

ट्रॉली तिने स्वतः उभी केली. स्टेशनजवळच्या वेल्डिंगवाल्याकडे उभे राहून मोडक्या ट्रकच्या स्प्रिंगच्या कमान्या खाली बसवून घेतल्या, म्हणजे ट्रॉलीचे पोट दगडाला लागू नये. वरती सळयांच्या कमानी, त्यावर पत्रा. आत सागाची घडीची फळी, तीच खाट, तीच टेबल. पाण्याच्या पिंपाला तोटी. जीपचा आकडा होताच, पण जीप कधी मिळणार याचा भरवसा नव्हता, म्हणून पुढे लाकडी दांडी अशी बसवली की बैलही जुंपता येतील. वेल्डिंगवाला चिडून म्हणाला, "बाई, ये गाड़ी है या बैलगाड़ी?" ती म्हणाली, "जो खींचे उसकी है. तू टाका मजबूत लगा."

रंग मात्र तिने चुकीचा लावला. लाकडाच्या डेपोतून उरलेला हिरवा रंग मिळाला, तिने तोच मारला. पहिल्याच टोल्यात पोचलो तर गाव रिकामे. चुली पेटलेल्या, भात शिजतोय, माणूस एक नाही. एक म्हातारी तेवढी पळता येत नाही म्हणून बसली होती. "जंगल वाले आए समझे बाई. हरी गाड़ी लकड़ी गिनने आती है." बडीबाई तिच्याशेजारी उकिडवी बसली. "अन् कैसी गाड़ी आती, तो नहीं भागते?" म्हातारीने थोडा विचार केला. "गाड़ी से तो भागेंगे ही. घर से कौन भागता है?"

आठ दिवसांत ट्रॉलीला बाहेरून बांबूचे टट्टे बांधले गेले. राइस मिलचा कोंडा, शेण आणि माती कालवून आम्ही दोघींनी भिंत लिंपली. वरून छुईमातीचा पांढरा हात आणि खाली गेरूचा पट्टा, इथल्या सगळ्या घरांना असतो तसा. आत उन्हाळ्यात पत्रा तापायचा, तेही थांबले. घाट चढेपर्यंत अर्धी भिंत रस्त्यावर सांडली. मला रडू यायचे बाकी होते. टोल्यातल्या बाया लांबून बघत होत्या. मग त्यांच्यातली फुलवती पुढे आली आणि तिने उरलेल्या भिंतीवर बोट घासले. "किसने लीपा है ये? हाथ टूटे थे क्या?" घटकाभरात पाचजणी मातीत हात घालून होत्या. लिंपता लिंपता एक म्हणाली, चार महिने झालेत. दुसरीने पोराचा फोड दाखवला. संध्याकाळपर्यंत वहीची दोन पाने भरली.

मला व्यवस्थितपणाची खोड. पुढच्या दौऱ्याआधी दवाखान्याच्या बांधकामातले थोडे सिमेंट मी न सांगता मातीत मिसळले. भिंत दगडासारखी टिकली. आम्ही टोल्यात शिरलो. बाया आल्या, "वाह, बढ़िया है," म्हणाल्या आणि घरी गेल्या. दोन दिवस ट्रॉलीपाशी कुणी फिरकले नाही. तिसऱ्या दिवशी बडीबाईने भिंतीवर नख मारले, वास घेतला, माझ्याकडे वळली.

"काय टाकलंस?"

"सिमेंट."

"काहून?"

"पडू नये म्हणून."

"अवं, ते पडलीच पायजे! नाई पडली तं बाया कशाले येतीन? तुह्यं तोंड पाहाले?"

तिने जॅकच्या पेटीतून हातोडी काढली आणि भर गावात स्वतःच्या घराची भिंत फोडायला घेतली. आवाजाने सगळा टोला गोळा झाला. फुलवती हसत हसत मातीची पाटी घेऊन आली. त्याच दुपारी, ओल्या भिंतीच्या आत, फुलवतीचा मुलगा जन्मला. आज ज्याच्या बायकोचे दिवस भरलेत तो त्याचा थोरला भाऊ. त्या थोरल्याच्या पाठची दोन अंधाऱ्या खोपटात दगावली होती. या खेपेला फुलवती स्वतः चालत आमच्या दारात आली, कारण दार तिनेच लिंपले होते.

राखाडी रंग तेव्हाही आला होता. साहेब वेगळे, पत्र तेच. बडीबाईने दोनदा वाचले. मग ट्रॉलीखाली गोणपाट टाकून उताणी झोपली आणि आस, कमान्या, पोट, सगळे राखाडी करून टाकले. उत्तरात लिहिले: "रंग मिळाला. वापरला." साहेब आले आणि लालबुंद झाले. "कुठे आहे रंग?" ती म्हणाली, "खाली हाय सायेब. गंज खालूनच लागते. वाकून पाहा ना." साहेब वाकले नाहीत. पुढच्या महिन्यात तिची बदली बालाघाटला झाली, जुन्या कागदांच्या खोलीत, जिथे एकही बाळ जन्मत नाही.

निघताना मी स्टेशनवर गेले होते. तिने पिशवीतून हातोडी काढून माझ्या हातात दिली. "हे तुह्यापाशी ठेव. परत अक्कल सुचली तं कामी येईन." गाडी सुटली. तिने हात हलवला नाही, मीही नाही. यंदाच्या थंडीत ती वारली. मला कळले तेव्हा मी दौऱ्यावर होते. टोल्यात सांगितले तर फुलवती म्हणाली, "लीपती बहुत खराब थी."

तर आज मी व्यवस्थितपणे माती खरवडते आहे. साहेबांना दाखवायला, ट्रॉली वाचवायला. राखाडी ट्रॉली वाचेलही, पण त्या सुनेला खोपटातून बाहेर काढणार नाही. म्हणजे मी परत भिंतीत सिमेंट घालते आहे. एवढे कळायला मला निम्मी डावी बाजू खरवडावी लागली.

७ मे. सकाळी हातोडीच्या टोकाने रंगाचे डबे उघडले. ट्रॉलीखाली गोणपाट टाकून उताणी झोपले आणि पोट, आस, कमान्या, सगळे रंगवले. बराच गंज धरला होता. रिकामे डबे पुसून एकात छुई भिजवली, दुसऱ्यात गेरू. दवाखान्यातल्या टेबलावर साहेबांसाठी चिठ्ठी ठेवली: "रंग मिळाला. वापरला. बाळंतपणासाठी घाटावर गेले आहे, ट्रॉली सोबत आहे. पाहणी तिथे येऊन करावी." खाली सही केली. मंगलूने बैल जुंपले. उघड्या पत्र्याच्या बाजूला बोट दाखवून त्याने विचारले, "ये ऐसे ही, बाई?"

"ऐसे ही," मी म्हटले. "हाँक."