पटावरच्या एकेचाळीस जणी

कॉन्रॅड सरांनी एकतीस वर्षांत एकाही मुलाला अर्धा मार्क फुकट दिला नाही आणि एकाही मुख्याध्यापकाला सुखाने झोपू दिलं नाही. शाळेचा दहावीचा निकाल शहाण्णव टक्के लागला की सगळे पेढे खायचे, आणि हे गणिताचे मास्तर मध्येच विचारायचे, "पटावर किती होते?" कच्च्या मुलांना परीक्षेलाच बसू दिलं नाही, तर निकाल चांगला लागेल नाही तर काय! असल्या माणसाला पेढ्याचा दुसरा तुकडा कोण देणार? पण सांडोर गावात कुणाला एखादा कागद कळेनासा झाला, की पाय त्यांच्याच ओट्याकडे वळायचे.

परवाच्या बुधवारी धाकटा भाऊ एल्रॉय आणि त्याची बायको प्रिस्का असाच एक कागद घेऊन आले. प्रिस्काचा स्तनाचा कॅन्सर यकृतापर्यंत पोचला होता. नेहमीच्या औषधांनी हात टेकले होते. मुंबईच्या इस्पितळात एका नव्या औषधाच्या चाचणीचा पुढचा टप्पा सुरू होत होता, त्यात नाव घालायचं असेल तर सोमवारी सही करायची होती. मागच्या टप्प्याचा निकाल त्या कागदावर छापला होता: शंभरातल्या पासष्ट जणींची गाठ वाढायची थांबली.

"पासष्ट, दादा!" एल्रॉय म्हणाला. "फर्स्ट क्लासच झाला ना!"

सरांनी औषधाचं नाव वाचलं आणि पुन्हा एकदा वाचलं. याच औषधाच्या मागच्या टप्प्यात त्यांची बायको व्हेरोनिका होती. तिला जाऊन दोन वर्षं झाली होती.

तरी सवयीने त्यांनी तळाची बारीक अक्षरं वाचली. सुरुवातीला बायका दोनशे अडुसष्ट. निकालात धरलेल्या दोनशे सत्तावीस. गुण आला तो त्यांतल्या एकशे अठ्ठेचाळीस जणींना. आणि उरलेल्या एकेचाळीस? त्यांच्यापुढे दोनच शब्द होते, "संपर्क तुटला". कागद ठेवून जा, सर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी इस्पितळात फोन लावला. चाचणीतल्या बायकांची विचारपूस करणारी जीना अजून तिथेच होती. तिने फाईल काढली.

"सर, मिसेस व्हेरोनिका त्या एकेचाळीस जणींमध्ये आहेत. मी तीनदा कॉल केला होता, तुमचा फोन बंद होता. मग पत्र पाठवलं."

"अहो, पण ती वारली!"

पलीकडे फाईलची पानं उलटल्याचा आवाज आला. "आम्हाला कुणी कळवलंच नाही, सर."

कळवणार कोण? व्हेरोनिका गेली तेव्हा चर्चची घंटा वाजली, नाक्यावरच्या फळ्यावर तिचं नाव लागलं, सगळं सांडोर मातीला आलं. महिनाभर रोज संध्याकाळी घरात रोझरीची प्रार्थना चालू होती आणि मोबाईल बंद होऊन कपाटात पडला होता. इस्पितळाचं पत्र सांत्वनाच्या पत्रांत न उघडताच राहिलं. घंटा वाजली म्हणजे जगाला कळलं, असंच या शिकल्यासवरल्या माणसाने धरून चाललं! मुंबईला कोण ऐकणार ती घंटा?

"आता लिहून घ्या," सर म्हणाले. "चौदा ऑगस्ट."

"फाईलला नोंद करते, सर. पण तो निकाल आता बंद झालाय, त्यात बदल होत नाही."

फोन ठेवून सर मागच्या वाडीत गेले आणि केळीला धरून ढसाढसा रडले. जन्मभर दुसऱ्यांना पट विचारला, आणि स्वतःच्या बायकोची गैरहजेरी आपल्याच हाताने लावली.

रविवारी चर्चमधल्या मिस्सेनंतर ते प्रिस्काकडे गेले. काही लपवलं नाही. कागदाच्या पाठीवर पेन्सिलीने मांडून दाखवलं. या एकेचाळीस जणी व्हेरोनिकासारख्याच गेल्या असतील, तर पासष्टाचे पंचावन्न होतात. तिच्याशिवायच्या चाळीसही बऱ्या असतील, तर सत्तर.

"खरा आकडा यांच्या मधला कुठला तरी," ते म्हणाले. "एकीचं मला ठाऊक आहे. चाळीस जणींचं कुणालाच नाही."

"आणि हे तू आत्ता सांगतोस?" एल्रॉय उसळला. "उद्या सही आहे, दादा!"

प्रिस्का त्या आकड्यांकडे बघत होती. "पंचावन्न तरी आहेत ना, दादा?"

"आहेत."

"आणि औषध घेतलं नाही तर?"

सरांनी पेन्सिल खाली ठेवली. त्याचं उत्तर डॉक्टरांचं तिघांनाही सांगून झालं होतं. एल्रॉय उठून खिडकीपाशी गेला आणि पाठ फिरवून उभा राहिला.

प्रिस्काने सहीचा फॉर्म पुढे ओढला. त्यात घरच्या माणसाच्या फोन नंबराची जागा रिकामी होती. एल्रॉय मागे वळून आपला नंबर सांगायला लागला, तसं तिने त्याला थांबवलं.

"तुझा नको. तुझ्याने त्या दिवशी बोलवणार नाही." तिने फॉर्म सरांपुढे सरकवला. "दादा, तुमचा लिहा. मी गेले तर त्याच दिवशी कळवा. माझ्यामागून जी येईल, तिला नीट कळू दे."

सरांनी पेन्सिल उचलून नंबर लिहिला. प्रिस्काने तो वाचला, आपलं पेन त्यांच्या हातात दिलं आणि एकेक आकडा गिरवून घेतला.