पालथी नाव

माझ्या नावेला भोक पाडणाऱ्या माणसाला मी अजून माफ केलेलं नाही, आणि तो माझा सख्खा धाकटा भाऊ आहे.

नाव तेरा फुटांची, फायबरची, एका शिडाची. मुंबईत नोकरीत असताना ऑफिसच्या क्लबात मी शिडाची नाव चालवायला शिकले आणि निवृत्त झाल्यावर ही जुनी नाव विकत घेतली. ठाण्याच्या आमच्या सोसायटीत स्कूटर लावायची मारामार, तिथे नाव कोण ठेवू देणार? राहुरीकडे मुळा धरणाच्या फुगवट्याला लागून वडिलांची जमीन आहे. तिथे भावाच्या दारासमोर, पाण्यापासून शंभरेक पावलांवर ती ठेवली. वर्षातून तीनदा एसटीने जायचं, पिशवीत पॉलिश पेपर, रेझिन, दोर आणि शीड शिवायची जाड सुई. साठी ओलांडलेली बाई माहेरी येते ती नाव घासायला, हे गावाला पचायला बराच वेळ लागला.

अशी नाव ठेवायची ती पालथी, दोन ओंडक्यांवर. म्हणजे पाऊस आत साचत नाही आणि आतल्या लाकडाला ऊन लागत नाही. निघताना मी ती पालथी घालायचे, भाऊ निमूट दुसरं टोक धरायचा. पुढच्या खेपेला येऊन बघावं तर नाव उताणी.

"ताई, दारात पालथं बरं दिसत न्हाई," तो म्हणायचा. "मर्तिकाच्या घरावानी वाटतं."

"अरे, नाव आहे ती. घागर नाही."

"कायबी असू दे. पालथं ते पालथंच."

तीन वर्षं असंच चाललं. मी हसण्यावारी नेलं. जमीनसुद्धा त्याला द्यायचं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. आमच्याकडे बहिणी हक्कसोड पत्रावर सही करून आपला वाटा भावाला सोडून देतात, त्यात कुणाला काही विशेष वाटत नाही. मलाही वाटत नव्हतं. नाव ठेवायला एक कोपरा राहील एवढं मी गृहीत धरलं होतं.

गेल्या दिवाळीनंतर त्या सहीसाठीच गेले. आधार कार्ड, दोन फोटो आणि नेहमीची पिशवी. घरात पाय ठेवण्याआधी नावेकडे गेले. उताणीच होती, पण आत पाणी नव्हतं. क्षणभर बरं वाटलं. मग बसायच्या फळीखाली, अगदी तळाला, दोन बोटं जातील एवढं भोक दिसलं. ड्रिलने पाडलेलं. कडेने फायबरचे धागे पिंजारून वर आले होते.

"पावसाचं पानी साचून डास हुयाचे," भाऊ म्हणाला. कौतुकाची वाट बघत माझ्याकडे पाहत होता. "आता आपोआप जातंय. लई सोपं काम."

पाणी काढायला नावेच्या मागच्या फळीला बूच असतं. फिरवलं की निघतं. एक फोन केला असता तर मी सांगितलं असतं. पण दुसऱ्याच्या वस्तूसाठीच माणूस फोन करून विचारतो. सही व्हायच्या आधीच त्या अंगणातलं माझं सगळं त्याचं होऊन गेलं होतं. मला भयंकर राग आला.

"छान केलंस," मी म्हणाले. जेवायला बसले आणि भावजयीच्या हातचे शेंगोळे दोनदा मागून घेतले. माझा राग लोणच्यासारखा मुरतो.

दुसऱ्या दिवशी तालुक्याला, निबंधकांच्या कार्यालयात. भाऊ इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यात, सोबत दोन साक्षीदार. आमचा नंबर यायला तीन तास लागले. तेवढ्या वेळात त्याने मला दोनदा चहा आणला, पाण्याची बाटली आणली, एका म्हाताऱ्याला सरकवून पंख्याखाली जागा करून दिली. इतकी सरबराई माहेरी माझी कधी झाली नव्हती. मी ती मनसोक्त करून घेतली.

साहेबांनी कागद चाळले आणि विचारायचं म्हणून विचारलं, "सही स्वखुशीने करताय ना?"

"नाही," मी म्हणाले.

त्यांनी मान वर केली. "म्हणजे?"

"म्हणजे करत नाही."

मी मुद्दाम भावाकडे पाहिलं. त्याचा चेहरा उतरला, आणि खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटलं.

परतताना जीपमध्ये तो एवढंच म्हणाला, "एका भोकापायी, ताई?"

"हो, एका भोकापायी. मला माझा वाटा पाहिजे. पाण्याच्या कडेचा, तुझ्या दारासमोरचा."

सकाळी उठून नावेला आतून ठिगळ लावलं. ते वाळलं, पण बाहेरूनही लावायचं तर नाव पालथी करायलाच हवी होती. भाऊ ओट्यावर चहा पीत बसला होता. तो उठणार नव्हता आणि मी हाक मारणार नव्हते. मी एक कड धरून उचलली, ती गुडघ्यापर्यंत आली आणि हातातून निसटली. पुन्हा उचलली, पुन्हा निसटली. कंबरेत कळ गेली. रागाने मला रडू फुटलं, तेही त्याच्यासमोर.

तेवढ्यात भावजय गोठ्यातून हात पुसत आली. इतक्या वर्षांत ती माझ्याशी कामापुरतंच बोलली होती. नाव उताणी करायची फूस तिचीच असणार, असं मी धरून चालले होते. तिने दुसरं टोक धरलं.

"अगं, तो बघतोय."

"बघू द्या," ती म्हणाली, ओट्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात. "म्या बी सही केली हुती, वन्सं. माझ्या भावानं साडी नेसवली, गोड बोलला. आता माहेरी गेलं की दारातच इचारत्यात, कवा जानार म्हनून. उचला."